सचिवांच्या खोलीतली ऊब

नागपुरात खोल्या गरम करायच्या सरकारी कामावर मी होतो, हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. हसू द्या. मे महिन्यात ज्या गावात माणूस खिशात कांदा ठेवून बाहेर पडतो, त्या गावात ऊब तयार करण्यासाठी एक साहेब, एक टंकलेखक, एक शिपाई आणि एक तांत्रिक सहायक असं अख्खं कार्यालय होतं. तो तांत्रिक सहायक मी. बी.एस्सी., फिजिक्स, दुसरा वर्ग. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. हे मी तेव्हाही न विचारता सांगायचो, आताही सांगतो. ते आम्हाला फुकट मिळालेलं नाही.

तेलाचे भाव चढले तशी सरकारला सूर्याची आठवण झाली. त्या भरात आमचे साहेब तीन महिने परदेशात शिकून आले, आणि ज्या देशात गेले तिथे वर्षातले आठ महिने बर्फ पडायचा. तिथून ते एक नकाशा घेऊन आले. मोठी इमारत लाकूड, कोळसा, वीज न वापरता ऊन आणि जमिनीतली उष्णता यांवर गरम कशी ठेवायची, याचा तो नकाशा होता. नकाशा आला, म्हणून इमारत शोधणं आलं. ती सिव्हिल लाईन्समध्ये सापडली.

इंग्रजांच्या काळातलं सरकारी विश्रामगृह. उंच छत, जाड भिंती, पुढे मोठं हिरवळीचं आवार. अकरा महिने तिथे चौकीदार, खानसामा आणि कबुतरं राहायची. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं की मुंबईचं सगळं सरकार इकडे यायचं आणि त्या इमारतीतल्या खोल्या भरायच्या. मुंबईच्या माणसाला आमची थंडी सोसत नाही. आम्ही हाफ स्वेटरवर फिरायचो तेव्हा ही मंडळी कानटोपी घालून चहा प्यायची आणि हिटर मागायची. हिटर लावला की फ्यूज उडायचा. दर अधिवेशनात या एका गोष्टीवरून चार माणसांना बोलणी बसायची. तेव्हा साहेबांनी लिहून दिलं की या इमारतीची दक्षिणेकडची बाजू आपण ऊन आणि जमीन यांवर गरम करून दाखवतो.

माझी जागा योजनेपुरती होती, आणि योजना मार्चअखेरपर्यंत. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं की अधिवेशनाला सचिव स्वतः त्या बाजूच्या कोपऱ्यातल्या खोलीत उतरतील. त्यांना ऊब लागली तर योजना पुढे चालेल आणि तुम्ही कायम व्हाल. नाही लागली तर एक एप्रिलपासून तुम्हाला घरी बसावं लागेल.

घरी बाबा होते. बाबा मिलमध्ये बॉयलरवर होते. जाळाकडे बघून बघून त्यांचे डोळे अधू झाले होते, पापण्यांचे केस कधीचेच गेले होते. डॉक्टरनं आग सोडा म्हणून सांगितलं होतं. बाबांनी त्याला सांगितलं, पोरगा कायम झाला की सोडतो. तेव्हा ती खोली नुसती सचिवांसाठी गरम व्हायची नव्हती, हे मला रोज आमच्या इंदोरा वस्तीतून सायकलवर येताना आठवायचं.

नकाशा सोपा होता. खोलीची दक्षिणेची भिंत बाहेरून काळी करायची. तिच्यापुढे वीतभर अंतरावर काचेची तावदानं बसवायची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खाली उतरून चालतो, त्याचं ऊन काचेतून आत येतं, काळी भिंत ते पिऊन घेते. भिंत आणि काच यांच्यामधली हवा तापून वर चढते आणि भिंतीला वर ठेवलेल्या भोकांतून खोलीत येते. हे झालं उन्हाचं. जमिनीसाठी हिरवळीखाली दोन पुरुष खोल सिमेंटचे पाईप पुरले होते. एका टोकाला खड्डा, दुसऱ्या टोकाला खोलीच्या मागच्या भिंतीलगत विटांची झाकण असलेली पेटी आणि तिच्यात पंखा, वीज काय ती तेवढ्यालाच. पंखा बाहेरची हवा पाईपांतून ओढायचा. जमिनीखाली हिवाळा पोचत नाही, त्यामुळे हवा कोमट होऊन खोलीत यायची.

घरी हे मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं, कागदावर बाण काढून. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हे तं विहिरीले बी समजते. पहाटे पाह्य, वाफा निघून राहते तिच्यातून." मी तिला म्हणालो की ते वेगळं. ते अजिबात वेगळं नव्हतं. पण मी बी.एस्सी. होतो आणि आईला सही येत नव्हती, म्हणून ते वेगळं होतं.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. त्यांनी विचारलं एवढंच, की यात जाळ कुठं आहे. मी म्हणालो, जाळ नाही, हीच तर गंमत. त्यांनी कागद परत दिला.

नोव्हेंबरात चाचणी घेतली आणि खोली खरोखर गरम झाली. हे मी ठासून सांगतो, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की सगळंच थोतांड होतं. थोतांड नव्हतं. संध्याकाळी सातला बाहेर हात चोळत उभं राहावं लागायचं आणि आत आलं की स्वेटर काढावासा वाटायचा. थर्मामीटरचे आकडे मी रोज रजिस्टरमध्ये लिहीत होतो, खाली सही करत होतो. सहीत आडनावाच्या पुढे बी.एस्सी. लिहायची सवय मला तेव्हाचीच.

अधिवेशन सोमवारी सुरू होणार होतं. आधीच्या शुक्रवारी मी शेवटची नोंद घेतली. शनिवार-रविवारी साहेबांच्या घरी बसून सचिवांसाठी फलक रंगवून घेतला, 'सूर्य व भूमी यांच्या उष्णतेवर चालणारी खोली'. सोमवारी दुपारी बारा वाजता तो फलक सायकलला बांधून मी विश्रामगृहात गेलो.

भिंत पांढरी होती.

साधी पांढरी नाही, लख्ख. काचेआडून ती सणाच्या घरासारखी चमकत होती. मी जवळ जाऊन काचेला नाक लावून बघितलं. ताजा चुना.

अधिवेशनाआधी नागपुरात रंगरंगोटी होते, ते प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. जे जागचं हलत नाही ते सगळं रंगवतात. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, दगडांना चुना, फाटकाला ऑइल पेंट. मी रंगाऱ्यांच्या मुकादमाला शोधून काढलं. तो जिन्याखाली डबा खात होता. मी त्याला विचारलं, ती भिंत कोणी रंगवली.

"आम्हीच जी," तो म्हणाला. शाबासकी घ्यायला उठून उभाच राहिला. "काचा एक-एक काहाडल्या, भिंत घासली, दोन हात मारले, काचा पुसून जशाच्या तशा बसवल्या. एक काच फुटली नाही साहेब, मोजून घ्या."

"ती काळी होती."

"म्हणूनच तं. एवढ्या मोठ्या बिल्डिंगले एकच भिंत काळी. मले वाटलं आग-बीग लागली होती."

त्याच्यावर ओरडावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याचं काम चोख होतं. ज्या काचा बसवायला आमच्या सुताराला आठ दिवस लागले आणि त्यात तीन फुटल्या, त्या या माणसानं दोन दिवसांत काढून, पुसून, बसवून दाखवल्या होत्या. सरकारी कामात इतकं मन लावलेलं मी नंतर फारसं पाहिलं नाही. पांढरी भिंत ऊन पीत नाही, परत पाठवते. भिंत शनिवारपासून थंड पडलेली. खोलीत गेलो, थर्मामीटर बघितला. व्हरांड्यात आणि आत जेमतेम दोन अंशांचा फरक, तोही जमिनीच्या पाईपांच्या कृपेनं. सचिव सहाला यायचे होते.

साहेब विमानतळावर गेले होते. विचारायला कोणी नव्हतं. मी सायकल काढली आणि मिलच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. बाबांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची. ते बाहेर आले, मला बघून थांबले. मी तिथंच सगळं सांगितलं आणि म्हणालो की माझ्याकडे एक उपाय आहे, खड्ड्यात कोळशाची पेटती शेगडी ठेवू, पंखा गरम हवा ओढून आत सोडेल.

बाबांनी आजूबाजूला बघितलं. पाळी सुटलेली, माणसंच माणसं. मग हळू आवाजात म्हणाले, "किती शिकला गा तू? कोळशाची हवा बंद खोलीत सोडशील तं तुहा सचिव सकाळी उठन नाही."

 कार्बन मोनॉक्साइड मला परीक्षेत आलं होतं, पाच मार्कांना. मी लिहिलंही होतं.

ते सायकलच्या कॅरिअरवर बसले. रस्त्यानं त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पंखा खोलीपासून किती लांब आहे, आणि तिथं भट्टी कुठं आहे. मी सांगितलं, पंख्याची पेटी भिंतीलगतच आहे, आणि मागच्या अंगणात खानसाम्याची चुल्हाण पेटलेलीच असते, शंभर माणसांचा स्वयंपाक आहे.

खानसाम्याला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. दोघे एका वयाचे होते, बिडी ओढत पाच मिनिटं बोलले. मग बाबांनी अंगणाच्या कोपऱ्यातून जुन्या विटा निवडल्या. नव्या घेतल्या नाहीत. ओली वीट तडकते म्हणाले. त्या चुल्हाणीत लाल होईस्तोवर तापवल्या, तिथल्याच सांडशीनं घमेल्यात घेतल्या आणि पेटीचं झाकण उघडून पंख्यामागे रचल्या. खड्ड्यात का नाही, असं मी विचारलं. इतक्या लांबून येईस्तोवर जमीनच सगळी ऊब खाऊन टाकते, असं ते म्हणाले. धूर नाही, वास नाही, नुसती ऊब. थंड झालेल्या विटा काढायच्या, तापलेल्या घालायच्या. सहा वाजता खोलीचा काटा नोव्हेंबरातल्या जागेवर आला होता. ती नोंद मी रजिस्टरमध्ये केली आणि खाली सही केली. पूर्ण सही.

सचिव साडेसहाला आले. कोट, मफलर, हातात पायमोज्यांची नवी जोडी. सोबत आमचे साहेब आणि आणखी दोघे. साहेबांना भिंतीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना बाजूला घेऊन सांगावं म्हणून मी दोनदा पुढे झालो, पण सचिव गरम हवा येते त्या जाळीसमोर हात धरून उभे राहिले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते बघून मी मागे सरलो. त्यांनी मफलर काढला. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग सचिव म्हणाले, भिंत बघू. सगळे बाहेर गेले. चौकीदारानं कंदील धरला. पांढऱ्या भिंतीवर तो उजेड पडला आणि आमच्या साहेबांचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा झाला.

"मी वाचलं होतं की ही भिंत काळी असते," सचिव म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कंदिलाकडे बघितलं. दोनचार क्षण असे गेले की त्यात मी खरं बोलू शकलो असतो. मी फटकळ म्हणून ओळखला जायचो. कॉलेजात प्राचार्यांना तोंडावर बोललो होतो. त्या क्षणी कोपरा वळून खोलीच्या मागे, पेटीच्या आडोशाला, घोंगडी डोक्यावरून घेऊन माझा बाप विटा बदलत होता. सांडशीचा आवाज मला ऐकू येत होता.

साहेब म्हणाले, "आपल्याकडचं ऊन प्रखर आहे सर. इथे पांढरी पुरते. तो आम्ही केलेला बदल आहे."

"म्हणजे देशी."

"देशी, सर."

सचिव माझ्याकडे वळले. "मोजमाप तुम्ही घेता? आकडे बरोबर आहेत?"

"हो सर," मी म्हणालो. आकडे बरोबरच होते.

साहेबांवर मी ढोंगाचा आरोप करणार नाही. त्यांना तेव्हा विटांचं काहीच माहीत नव्हतं. भिंत पांढरी होती आणि खोली गरम होती, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी पाहिलं. मग त्यांनी विचार केला आणि त्यामागचं कारण शोधून काढलं, आणि त्या कारणावर त्यांचा माझ्यापेक्षा प्रामाणिक विश्वास बसला. शास्त्र असंच करतं, फक्त विटा आधी बघून घेतं.

बाबा साडेनऊपर्यंत बसले. खानसाम्यानं त्यांना साहेब लोकांच्याच पातेल्यातलं मटण वाढलं. दुसऱ्या दिवशी सचिवांनी सांगितलं की दुसरी रजई लागली नाही. एका रात्रीवर ते काम झालं, कारण मंगळवारी त्यांना मुंबईला परत बोलावलं गेलं. ते राहिले असते तर बाबांना किती दिवस सुट्टी काढावी लागली असती, कोण जाणे.

मार्चमध्ये योजना पुढे चालू झाली. एप्रिलात परिपत्रक निघालं की यापुढे भिंती पांढऱ्या ठेवाव्यात, सोबत सुधारित नकाशा जोडला आहे. नकाशाखाली मोजमाप घेणारा म्हणून माझं नाव, पुढे बी.एस्सी. पुढच्या हिवाळ्यात तीन इमारतींना अशा भिंती झाल्या. त्यातली एक आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची होती. मोठी इमारत, लांबलचक निजायची खोली, दक्षिणेला काचच काच आणि आत चुन्याची भिंत.

जानेवारीत मी तिथे थर्मामीटर घेऊन गेलो. अधीक्षिका विदर्भातल्याच, वयानं मोठ्या, बोलायला सरळ. त्यांनी मला दुपारी आवारात नेलं. मुली काचेच्या बाहेर, भिंतीकडे पाठ करून रांगेनं बसल्या होत्या. पांढऱ्या भिंतीवरून परत आलेलं ऊन त्यांना लागत होतं.

"बाहेर लई ऊब हाये भाऊ तुमच्या भिंतीची," अधीक्षिका म्हणाल्या. "आत निजाले गेलं की दात वाजतेत. आधी खिडक्या होत्या तिथं, ऊन तरी आत येत होतं. तुम्ही त्या बुजवल्या."

मी आकडे लिहिले. आतला आणि बाहेरचा आकडा जवळजवळ सारखा. एक मुलगी काय लिहिता म्हणून वाकून बघत होती. मी रजिस्टर मिटलं.

त्याच आठवड्यात माझा कायम झाल्याचा आदेश आला. दोन ओळींचा कागद, त्यात 'समाधानकारक तांत्रिक कामगिरी' असे शब्द. घरी नेला. बाबांनी मला तो दोनदा वाचायला लावला. आईनं गूळ वाटला. शेजारच्या चार घरांत निरोप गेला. सगळं निवल्यावर बाबांनी विचारलं, "आता तुले काढू शकत नाही ना कोणी?"

"नाही. चूक केल्याशिवाय नाही."

"मंग सांग त्याइले. भिंत काळी करा म्हणा."

मी म्हणालो की इतकं सोपं नाही, त्यात माझीच सही आहे, साहेब अडकतील, विटांचं निघेल, तुमचं नाव येईल. बाबा म्हणाले, माझं नाव कोणत्या कागदावर आहे, ते दाखव. मी वसतिगृहाबद्दल घरी सांगून बसलो होतो, हीच चूक झाली.

पहिल्या तारखेला बाबांनी मिलमध्ये अर्ज दिला आणि आग सोडली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरी आलो की ते खाटेवर बसलेले असत आणि एकच विचारत, सांगितलं का. मिलमध्ये असते तर संध्याकाळी थकून झोपले असते. मीच त्यांना रिकामं केलं होतं.

नवव्या दिवशी मी टिपण लिहिलं. दीड पान. अधिवेशनाच्या संध्याकाळी भिंत चुन्यानं रंगलेली होती आणि खोलीतली ऊब तापवलेल्या विटांची होती, ती व्यवस्था मी केली. पांढऱ्या भिंतीनं खोली गरम होत नाही. वसतिगृहाची भिंत तातडीनं काळी करावी. खाली सही. या वेळी नुसतं नाव लिहिलं.

साहेबांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो सर."

"तेव्हा तुम्ही तात्पुरते होतात म्हणून गप्प बसलात. आता कायम झालात म्हणून खरं बोलता आहात. मी वीस वर्षं कायम आहे. मला काय समजायचं ते सांगा."

  मी म्हणालो, "मुली थंडीत निजतात सर." साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी टिपण खणात ठेवलं. फाइलला लावलं नाही, फाडलंही नाही.

पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या अधीक्षिकांना तोंडी निरोप गेला की भिंत काळी करून घ्यावी, परिपत्रकाकडे लक्ष देऊ नये. लेखी काहीच नाही. त्यांनी डांबर फासून घेतलं असं ऐकलं. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी बदली काटोलला गोबर गॅसच्या विभागात झाली. कायम माणसाला काढता येत नसलं तरी हलवता येतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. परिपत्रक मात्र कायम राहिलं. मी सोडेपर्यंत ते कोणी रद्द केलेलं नव्हतं.

आदेश घेऊन घरी गेलो. काटोलला जायचं म्हणजे रोज बसचे तीन-चार तास, नाहीतर तिथं खोली. मी कागद बाबांसमोर धरला, आणि त्यांना वाचता येत नाही हे आठवल्यावर मीच वाचून दाखवला.

"पगार तोच हाये?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"मंग जाय," बाबा म्हणाले, आणि आईला माझ्यासाठी पहाटेचा डबा लागेल म्हणून सांगायला आत गेले.